कोळशाच्या गाडीचा हिशेब

(देशपांडे नगर, हुबळी येथे आपल्या मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण. सभेला येऊ न शकलेल्या सभासदांच्या आग्रहावरून त्याचा मजकूर येथे देत आहोत.)



चिटणीसांनी मला 'हवामान बदल आणि आपण' या विषयावर बोला असे सांगितले, तेव्हा मी त्यांना म्हटले, अहो, धारवाडला कृषी विद्यापीठ आहे, तिथला एखादा प्राध्यापक बोलवा. मी बी. कॉम. झालेला, बँकेतला कारकून. माझा संबंध जमा आणि नावेशी. त्यावर ते म्हणाले, प्राध्यापक तापमान सांगतील, तुम्ही हिशेब सांगा. तेव्हा मी आज हिशेबच सांगणार आहे. चुकला तर सभागृहात निवृत्त ऑडिटर बसलेले आहेत, ते दुरुस्त करतीलच.

रात्री साडेअकरानंतर आपल्या भागातली वाहतूक थांबते आणि मालगाड्यांचा आवाज ऐकू येतो. स्टेशन इथून काही लांब नाही. आपल्या हुबळीचा दीड किलोमीटर लांबीचा फलाट २०२३ साली झाला, त्याचे फोटो आपण सगळ्यांनी नातेवाइकांना पाठवले. नैर्ऋत्य रेल्वेचे मुख्यालय आपल्या गावात आहे, याचाही आपल्याला अभिमान आहे. या सभेत रेल्वेत आयुष्य घातलेले निदान पाच-सहा जण मला दिसत आहेत. त्यांना विचारा, या मालगाड्यांत काय असते? पूर्वी बल्लारीचे लोखंडी खनिज खाली गोव्याकडे जायचे. वर येतो तो कोळसा. परदेशातून जहाजाने मुरगाव बंदरात उतरतो. कुळे, दूधसागर, कॅसलरॉक, तिनईघाट, लोंढा, अळणावर, धारवाड असा आपल्या उशाशी येतो आणि पुढे गदग, कोप्पळ, होस्पेट करत तोरणगल्लूच्या पोलाद कारखान्याकडे जातो.

एका मालगाडीत साधारण साडेतीन हजार टन माल मावतो. आता शाळेतले रसायनशास्त्र आठवा. बारा किलो कार्बन जळला की चव्वेचाळीस किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो, कारण हवेतला ऑक्सिजन त्याला येऊन मिळतो. म्हणजे एक टन चांगला कोळसा जाळला की दोन टनांहून जास्त वायू वर जातो. मुद्दल एक आणि व्याज दुपटीहून अधिक! आणि हे व्याज वर्षाअखेर मिटत नाही. ते शेकडो वर्षे आकाशाच्या खात्यावर नावे पडून राहते.

हे व्याज भरतो कोण? ते मी माझ्या काउंटरवरून पाहिले आहे.

काही वर्षे मी तालुक्याच्या एका शाखेत होतो. पीककर्जाचे काम माझ्याकडे असे. ऑगस्ट २०१९ मध्ये मलप्रभा आणि बेण्णीहळ्ळ दोन्ही फुगल्या. नरगुंद, नवलगुंद भागात उभी पिके आणि घरे पाण्यात गेली. आपल्या मंडळानेही तेव्हा धान्य, चादरी गोळा करून पाठवल्या होत्या, हे तुम्हाला आठवत असेल. मग २०२३ आले. त्या वर्षी पाऊसच नाही. राज्यातल्या २३६ तालुक्यांपैकी २२३ तालुके सरकारने दुष्काळी म्हणून जाहीर केले. मूग हातचा गेला, मक्याची कणसे भरली नाहीत. चार वर्षांपूर्वी पुरात बुडालो म्हणून मुदत वाढवून घेणारा शेतकरी आता दुष्काळात वाळलो म्हणून मुदत वाढवून मागायला माझ्यासमोर उभा. एकाच माणसाच्या, एकाच खात्यावर, दोन उलट कारणे. मी फॉर्म भरून घेतला. मुदत वाढली, पण कर्ज काही कमी झाले नाही. तो माणूस जाताना म्हणाला, "साहेब, पावसाचीपण मुदत वाढवून मिळते का कुठे?" मला उत्तर सुचले नाही. अजून सुचलेले नाही.

आता सरकारने काय केले ते पाहू. राज्याने केंद्राकडे १८,१७१ कोटी रुपये मागितले. महिने गेले. शेवटी मार्च २०२४ मध्ये राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि एप्रिलच्या अखेरीस सुमारे ३,४५४ कोटी सुटले. म्हणजे मागितलेल्या रुपयातले एकोणीस पैसे, तेही कोर्टाची पायरी चढल्यावर. दिल्ली म्हणते बेंगळुरूने उशीर केला, बेंगळुरू म्हणते दिल्लीने अडवले. दोघांची भाषणे आपण टीव्हीवर पाहिली. पण पूर आणि दुष्काळ असे पाठोपाठ का येऊ लागले आणि पुढच्या वेळेसाठी काय तयारी आहे, हा प्रश्न त्या भांडणात कोणी काढला का? मी तरी ऐकला नाही.

कागदावर पाहाल तर सरकार काही गप्प नाही. जून २००८ मध्ये केंद्राने हवामान बदलाची राष्ट्रीय कृती योजना काढली, त्यात आठ अभियाने. मागोमाग राज्यांनी आपापले आराखडे केले. नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगोला पंतप्रधानांनी जाहीर केले, २०७० पर्यंत देशाचे निव्वळ उत्सर्जन शून्य करू. चांगले आहे. पण २०२४-२५ या एका वर्षात देशात शंभर कोटी टनांहून जास्त कोळसा निघाला आणि त्याचाही सरकारने उत्सवच केला. एका हाताने पासबुकात बचतीचा संकल्प लिहायचा आणि दुसऱ्या हाताने ओव्हरड्राफ्ट वाढवून घ्यायचा, अशा खातेदाराला आम्ही बँकेत काय म्हणतो ते इथे सांगत नाही.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. भारतातला माणूस वर्षाला सरासरी दोन टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडतो, अमेरिकेतला साधारण चौदा टन. आकाशाचे जुने कर्ज प्रामुख्याने श्रीमंत देशांचे आहे. आपल्याला पोलाद हवे, वीज हवी, रोजगार हवा. तोरणगल्लूच्या कारखान्यावर हजारो घरे चालतात, त्यात आपल्या ओळखीची घरेही आहेत. तेव्हा उद्या सकाळी कोळसा बंद करा, असे म्हणायला मी उभा नाही. माझे म्हणणे एवढेच आहे, की प्रत्येक नव्या खर्चाचा हिशेब आधी मांडा, लोकांपुढे ठेवा, मग सही करा. बँकेत पन्नास हजारांच्या कर्जाला आम्ही जामीनदार मागतो. जंगल, पाणी आणि पाऊस यांच्या जिवावर जे उचलायचे, त्याला मात्र जामीनदार कोणीच नाही. हा कुठला कायदा?

असा हिशेब मागणारी माणसे फार लांब नाहीत. याच रेल्वेमार्गावर, घाट उतरला की गोव्यात आहेत.

गोव्याच्या सीमेवर मोले आहे. तिथे भगवान महावीर अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान मिळून सुमारे २४० चौरस किलोमीटरचे जंगल आहे. आपण दूधसागर बघायला जातो, ते तिथेच. या जंगलातून तीन प्रकल्प एकदम न्यायचे ठरले. पहिला, कॅसलरॉक ते कुळे रेल्वेचे दुहेरीकरण. दुसरा, अनमोड ते मोले महामार्गाचे चौपदरीकरण. तिसरा, ४०० केव्हीची वीजवाहिनी, गोव्यातल्या शेल्डेपासून थेट आपल्या धारवाडजवळच्या नरेंद्रपर्यंत. लक्षात घ्या मंडळी, तिन्हींचे एक टोक आपल्या बाजूला आहे. रेल्वे हुबळीची, रस्ता बेळगावचा, तार धारवाडची. तरी आपल्यापैकी किती जणांना हे त्या वेळी माहीत होते? मला नव्हते.

एप्रिल २०२० मध्ये सगळा देश घरात बंद होता. आपण भाजीच्या पिशव्या धुऊन घेत होतो. त्या काळात राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीची बैठक व्हिडिओवर झाली आणि त्यात रस्ता आणि वीजवाहिनी यांना संमती मिळाली. रेल्वेचा प्रस्ताव त्याआधीच पुढे सरकला होता. आणि रेल्वेच्या कामाला पर्यावरण परिणामाचा अहवाल करावाच लागत नाही, कारण २००६ च्या अधिसूचनेत रेल्वेला त्यातून सूट आहे. म्हणजे जंगलातून दुसरा रूळ जाणार, पण त्याने काय बिघडेल हे लिहून काढायची सक्ती कोणावर नाही.

गोव्यात मात्र तरुण मुले जागी होती. प्राणिशास्त्राचे अभ्यासक, वकील, वास्तुविशारद, चित्रकार, कॉलेजची पोरे असे सगळे टाळेबंदीतच एकत्र आले. 'आमचे मोले' म्हणून त्यांची मोहीम सुरू झाली. त्यांनी घोषणांच्या आधी कागद गोळा केले. प्रकल्पाचे अर्ज, नकाशे, बैठकांची इतिवृत्ते काढून ओळ न् ओळ वाचली. अहवालात जंगलातल्या जिवांची यादी कुठे अपुरी आहे, काय वगळले आहे, ते दाखवून दिले. मग चित्रे काढली, गाणी केली, गावोगाव सांगितले. दुसरीकडे सासष्टीच्या गावांतले लोक होते. त्यांच्या दारावरून कोळसा जातो, त्यांच्या ओसरीवर काळी भुकटी बसते. त्याआधी २०१७ मध्ये वास्कोला मुरगाव बंदरातली कोळसा हाताळणी वाढवण्यावर जनसुनावणी झाली होती, तेव्हा बोलणाऱ्यांची रांग इतकी लांबली, की ती अनेक दिवस चालली. ही माणसे आणि मोलेची मुले एकत्र आली. १ नोव्हेंबर २०२० च्या रात्री चांदोर गावच्या फाटकावर हजारो माणसे जमली आणि रुळांवर बसली. हातात मेणबत्त्या होत्या. म्हाताऱ्या बायका होत्या, पाद्री होते, शेतकरी होते. नंतर पोलिसांनी गुन्हे नोंदवले. पण ती रात्र गोवा विसरलेला नाही.

आता तुमच्यातले काही जण मनात म्हणत असतील, की हा माणूस गोवेकरांचे गोडवे गातोय. तेच गोवेकर म्हादईच्या पाण्याला आडवे येतात ना? बरोबर आहे. २०१८ मध्ये लवादाने कर्नाटकाला १३.४२ टीएमसी पाणी दिले, तरी कळसा-बंडुरीचे पाणी आपल्या नळाला अजून आलेले नाही. हुबळीत आठ-आठ दिवसांनी नळ येतो म्हणून पिंप भरून ठेवणारे आपण. राग येणे साहजिक आहे. मलाही येतो.

पण या रागाचाही एकदा हिशेब मांडू. आपल्याला सौंदत्तीच्या धरणातून पाणी मिळते ते मलप्रभेचे. मलप्रभा उगम पावते खानापूर तालुक्यात, कणकुंबीला. तिथले लोक आपल्यासारखेच मराठी बोलतात. कणकुंबीचे जंगल आणि मोलेचे जंगल हे एकाच सह्याद्रीचे. पावसाचे पाणी धरून ठेवून वर्षभर थेंब थेंब सोडणारे ते आपले मुदत ठेव खाते आहे. लवाद १३ टीएमसी देवो नाहीतर ३० देवो, डोंगरावर पाऊस वेळेवर पडला नाही आणि पडलेला मुरला नाही, तर वाटायचे काय? धनादेश हातात आहे, पण खात्यात शिल्लक नाही, अशी गत होईल. पाण्यासाठी गोव्याशी भांडायचे तर जरूर भांडू. पण जंगल राखण्यासाठी जो भांडतो, तो आपलीही ठेव राखतो, एवढे ध्यानात ठेवू.

बरे, मोलेच्या मुलांना शेवटी मिळाले काय? ते ऐकण्यासारखे आहे. 'गोवा फाउंडेशन' ही संस्था हे प्रकरण घेऊन सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीकडे गेली. समितीने एप्रिल २०२१ मध्ये अहवाल दिला. त्यात तिने जंगलाचे मोल तर सांगितलेच, पण रेल्वेचे गणितही तपासले. तो घाट चढाला १:३७ आहे. म्हणजे सदतीस मीटर पुढे गेले की एक मीटर वर. आमच्या रेल्वेवाल्या काकांना विचारा, भरलेली कोळशाची गाडी तिथे चढवायला पुढून-मागून जादा इंजिने लावावी लागतात. समितीने म्हटले, सगळ्या जाळ्यातल्या या सर्वांत अकार्यक्षम टप्प्याची क्षमता दुसऱ्या रुळाने जेमतेमच वाढेल, आणि त्यासाठी पश्चिम घाटाची नाजूक जीवसृष्टी मोडायला काही समर्थन दिसत नाही. ९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वन्यजीव मंडळाने रेल्वेला दिलेली संमती रद्द केली. पुन्हा परवानगी हवी असेल तर जीवसृष्टीवर काय परिणाम होईल त्याचा सविस्तर अभ्यास करून या, असे सांगितले.

भावना होतीच. पण केस जिंकली ती गणिताने. नफा किती, तोटा किती, हे कोणीतरी कागदावर विचारले आणि उत्तर देणाऱ्याकडे उत्तर नव्हते. माझ्यासारख्या कारकुनाला यापेक्षा मोठे समाधान नाही.

पण जमेची बाजू सांगितली, आता नावेची बाजूही सांगतो. कोळसा थांबलेला नाही. रेल्वेमार्गाच्या दुसऱ्या टप्प्यांत काम चालूच राहिले. एका निकालाने हवामान सुधारत नाही. पण एक नवी चुकीची नोंद पडायची राहिली आणि पुढच्या नोंदीला आधी अभ्यास लागेल, हे ठरले. खातेवही अशीच सुधारते.

कोणी म्हणेल, गोव्याचे लोक शिकलेले, पोचलेले. आपल्याकडे हे कोण करणार? मित्रहो, आपल्या जिल्ह्याने हे गोव्याच्या आधी तेहतीस वर्षे केले आहे. आपणच विसरलो आहोत.

१९८० च्या दशकात राज्य सरकारने गावांच्या सामायिक जमिनी, गायराने, तीस हजार हेक्टर, चार जिल्ह्यांत मिळून, 'कर्नाटक पल्पवुड' नावाच्या कंपनीला निलगिरी लावायला द्यायचे ठरवले. हरिहरच्या कारखान्याला लगदा हवा होता. गुरे चरायची कुठे, बायकांनी जळण आणायचे कुठून, हे कोणी विचारले नाही. तेव्हा धारवाडची 'समाज परिवर्तन समुदाय' ही संस्था पुढे आली. एस. आर. हिरेमठ अमेरिकेतली नोकरी सोडून इथे येऊन काम करत होते. थोर कन्नड लेखक शिवराम कारंत सर्वोच्च न्यायालयात अर्जदार म्हणून उभे राहिले. आणि १४ नोव्हेंबर १९८७ रोजी हानगल तालुक्यातल्या कुसनूर गावी, जे तेव्हा धारवाड जिल्ह्यातच होते, गावकऱ्यांनी सत्याग्रह केला. निलगिरीची रोपे उपटली आणि त्या जागी फळांची, चाऱ्याची, उपयोगाची झाडे लावली. नुसते उपटले नाही, लावलेही. १९९१ मध्ये ती कंपनी गुंडाळावी लागली. पुढे याच संस्थेच्या अर्जावर २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बल्लारीच्या खाणी थांबवल्या. त्या वेळी आपल्या स्टेशनातून जाणाऱ्या खनिजाच्या गाड्या एकदम कमी झाल्या होत्या, हे रेल्वेवाल्यांना आठवत असेल.

कुसनूरच्या लोकांनी हवामान बदल हा शब्दही ऐकला नसेल. त्यांना आपले गायरान कळत होते. तेवढे पुरले.

अजून एक उदाहरण खास आपल्या महिला शाखेसाठी. स्वित्झर्लंडमध्ये म्हाताऱ्या बायकांची एक संघटना आहे. उन्हाच्या लाटांत सर्वांत जास्त आम्ही मरतो आणि सरकार पुरेसे काही करत नाही, अशी तक्रार घेऊन त्या युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात गेल्या. ९ एप्रिल २०२४ रोजी त्या जिंकल्या. आणि आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही त्याच वर्षी, २१ मार्चला, माळढोक पक्ष्याच्या खटल्यात सांगितले, की हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्क घटनेच्या १४ आणि २१ या कलमांतून येतो. म्हणजे आता आपण सरकारकडे जातो ते उपकार मागायला नाही.

आता माझी स्वतःची फजिती सांगतो, म्हणजे तुम्ही ती करणार नाही. मी बससाठी जिथे उभा राहतो, तिथे एक जुने कडुनिंबाचे झाड होते. उन्हाळ्यात दहा-पंधरा माणसे त्याच्या सावलीत उभी राहत. त्यावर एक दिवस पांढऱ्या रंगात आकडा पडला. मी ओळखले, हे जाणार. एका कार्यालयात जाऊन हाताने लिहिलेला अर्ज दिला. तिथल्या माणसाने तो घेतला, मी नमस्कार करून परत आलो. पंधरा दिवसांनी गेलो तर म्हणाले, असा अर्ज आमच्याकडे आलेलाच नाही. पोचपावती? पोचपावती मी घेतलीच नव्हती! वीस वर्षे काउंटरवर बसून लोकांना सांगतो, काका, पावती घेतल्याशिवाय जाऊ नका. आणि स्वतः मात्र नमस्कारावर विश्वास ठेवून आलो. झाड गेले. आता आम्ही तिथे छत्री घेऊन उभे राहतो, पाऊस नसताना. दोष मी दुसऱ्याला देत नाही. सरकार काही करत नाही, असे आपण म्हणतो. पण आपण विचारले होते, याचा पुरावा आपल्याकडे असतो का?

म्हणून माझी या सभेला सूचना आहे. आपले हे वार्तापत्र आजवर मराठी शाळांसाठी, आरक्षणासाठी, सभागृहाच्या जागेसाठी लिहीत आले. ते लिहायलाच हवे. पण निवडणूक आली की उमेदवार हात जोडून याच सभागृहात येतात. त्यांच्यापुढे ठेवण्याच्या यादीत या वर्षापासून आणखी चार प्रश्न घालू या.

एक. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात २०१९ मध्ये हवा खराब असलेल्या शहरांच्या यादीत कर्नाटकातली चार शहरे घेतली गेली. त्यात हुबळी-धारवाड आहे. त्या कार्यक्रमात आपल्या शहरासाठी किती पैसे आले, कशावर खर्च झाले आणि हवेत फरक किती पडला? माहितीच्या अधिकारात दहा रुपयांत विचारता येते.

दोन. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चा आहे. त्याप्रमाणे जिल्ह्याचा आराखडा असावा लागतो आणि तो दरवर्षी तपासून सुधारावा लागतो. आपल्या जिल्ह्याचा आराखडा शेवटचा कधी सुधारला? त्यात उन्हाच्या लाटेसाठी काय आहे? बेण्णीहळ्ळच्या पुरासाठी काय आहे?

तीन. राज्याच्या वृक्ष कायद्यात अशी तरतूद आहे, की पन्नासहून जास्त झाडे तोडायची असतील तर आधी जाहीर करून लोकांच्या हरकती घ्याव्या लागतात. बीआरटीएसच्या वेळी हुबळी-धारवाड रस्त्याची सावली गेली ती आपण पाहिली. पुढच्या प्रत्येक रस्त्याच्या वेळी ती जाहिरात कोण वाचणार? आपल्या मंडळाने दोन माणसे नेमावीत. निवृत्त मंडळी सकाळी पेपर वाचतातच, जाहिरातींचे पानही वाचावे.

चार. आपल्या भागातून जाणारा कोळसा झाकून जातो का? ताडपत्री असते का? हे पाहायला तज्ज्ञ लागत नाही. स्टेशनजवळ राहणाऱ्या पोरांनी महिनाभर वही ठेवावी. तारीख, वेळ, उघडी की झाकलेली. बस्स. महिनाअखेर ती वही आणि एक पत्र संबंधितांकडे द्यावे. पोचपावती घेऊन!

परवा एका मित्राने मला विचारले, आपण मराठी माणसे, कर्नाटकात राहतो, सरकारशी वाकडे कशाला? मी त्याला म्हटले, पूर आला तेव्हा पाण्याने कोणाची मातृभाषा विचारली होती का? आपण पिढ्यान् पिढ्या इथले. आपला नळ मलप्रभेचा, आपले कांदे-मिरची धारवाड जिल्ह्याचे, आपली मुले कन्नड आपल्यापेक्षा शुद्ध लिहितात. अर्ज त्यांच्याकडूनच कन्नडमध्ये लिहून घेऊ. खाली सह्या मराठी, कन्नड, उर्दू सगळ्या असू देत. कुसनूरला गेलेले कोणी भाषा विचारून गेले नव्हते.

तरुण मुलांना एवढेच सांगतो, की मोलेच्या मुलांकडे पैसा नव्हता आणि पुढारीही नव्हता. वाचायची तयारी होती. दोनशे पानांचा कंटाळवाणा अहवाल शेवटपर्यंत वाचणे हेही देशकार्य आहे. आणि ज्येष्ठांना सांगतो, तुमच्याकडे दोन गोष्टी आहेत ज्या आमच्याकडे नाहीत, वेळ आणि कार्यालयात गेल्यावर खुर्ची मिळण्याचा मान. दोन्ही वापरा.

शेवटी त्या शेतकऱ्याकडे परत येतो. पावसाची मुदत वाढवून मिळते का, असे त्याने विचारले होते. ती माझ्या बँकेत मिळत नाही, विधानसौधातही मिळत नाही. पण जंगल राहिले, तळी राहिली, आणि कोळशाचा प्रत्येक नवा रूळ टाकण्याआधी कोणीतरी "का?" असे विचारले, तर कदाचित थोडी सवलत मिळेल. एवढीच आशा मी बाळगून आहे, आणि ती फुकटची नाही, तिला काम पडते.

सभा संपल्यावर दारापाशी टेबलावर पहिला अर्ज ठेवला आहे, स्वच्छ हवेच्या पैशांचा. दहा रुपये मी भरतो, सह्या तुम्ही करा. सोमवारी दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत मी तो देऊन येईन. पोचपावतीची नक्कल पुढच्या अंकात छापावी, अशी संपादकांना विनंती आहे. ती छापून आली नाही, तर पुढच्या सभेत मला जाब विचारा.

जय हिंद, जय कर्नाटक, जय महाराष्ट्र.